एएफपीचा रिपोर्ट कसा समजून घ्यायचा?



आपल्याकडच्या गरोदर बाया आता तपासणीसाठी तालुक्याला, जिल्ह्याला जाऊ लागल्या आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. पण तिथून येताना हातात जो कागद मिळतो, तो बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. ‘ट्रिपल मार्कर’, ‘क्वाड्रपल मार्कर’ असं काहीतरी वर लिहिलेलं असतं. खाली ओळीत ‘एएफपी’, पुढे आकडा, आणि कधी कधी ठळक अक्षरात ‘हाय’ किंवा ‘पॉझिटिव्ह’. तेवढा एकच शब्द घरातल्या सगळ्यांना कळतो, आणि मग त्या रात्री घरात कुणाला झोप लागत नाही.

त्यात गोंधळ वाढतो तो असा, की हीच तीन अक्षरं लिव्हरच्या पेशंटच्या कागदावरही असतात. तिथे डॉक्टर कॅन्सरबद्दल बोलत असतात. मग पोटुशी बाई घाबरून विचारते, “म्हणजे माझ्या बाळाला कॅन्सर आहे का?” याचं उत्तर आधीच देऊन टाकते: नाही. गरोदरपणातली एएफपी तपासणी कॅन्सरसाठी नसते. पण एकच पदार्थ दोन इतक्या वेगळ्या ठिकाणी का तपासतात, आकडा जास्त आला तर काय समजायचं, आणि मुख्य म्हणजे पुढे काय करायचं, हे आपल्याला माहीत असायला हवं. कारण रिपोर्ट आल्यावर पुढची पावलं उचलायला वेळ थोडा असतो. तो वेळ रडण्यात आणि एकमेकींना दोष देण्यात जाऊ नये.

बाळाचं प्रथिन, आईच्या रक्तात

प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी, दूध आठवतं. पण आपलं शरीरही स्वतःसाठी नाना प्रकारची प्रथिनं तयार करतं. आपल्या रक्तात सगळ्यात जास्त असतं ते अल्ब्युमिन नावाचं प्रथिन. ते आपलं लिव्हर म्हणजे यकृत बनवतं.

पोटातल्या बाळाच्या रक्तात सुरुवातीला अल्ब्युमिनच्या जोडीला दुसरं एक प्रथिन भरपूर असतं. त्याचं नाव अल्फा-फिटोप्रोटीन, म्हणजेच एएफपी. ‘फिटो’ म्हणजे गर्भाचं. अगदी सुरुवातीला बाळासोबत वाढणारी एक छोटी पिशवी ते बनवते, नंतर बाळाचं स्वतःचं यकृत ते काम हातात घेतं. तिसरा महिना संपत येताना बाळाच्या रक्तात त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. मग हळूहळू उतरतं. जन्माच्या वेळीही ते पुष्कळ असतं, पण बाळ वर्षाचं होईस्तोवर मोठ्या माणसाइतकं, म्हणजे जवळजवळ नाहीच इतकं कमी होतं. म्हणून तान्ह्या बाळाच्या रिपोर्टवर एएफपीचा मोठा आकडा दिसला तर मोठ्या माणसाच्या मोजपट्टीने तो मोजायचा नाही.

बाळाच्या रक्तात असं काही प्रथिन असतं हे १९५६ साली स्वीडनमधल्या संशोधकांना दिसलं. आपल्या कामाची गोष्ट मात्र पुढची आहे. हे प्रथिन बाळाच्या लघवीवाटे गर्भजलात येतं. गर्भजलातून आणि वारेतून त्यातलं अगदी थोडं आईच्या रक्तात उतरतं. म्हणजे आईच्या दंडातून घेतलेल्या थोड्याशा रक्तात बाळाची खबर मिळते. पोटाला सुई लावावी लागत नाही.

आता ही खबर कसली? बाळाची पाठ, मणका, डोकं, पोट हे सगळं कातडीने नीट झाकलेलं असेल, तर प्रथिन ठरावीक प्रमाणातच बाहेर येतं. पण कुठे उघडं राहिलं असेल तर तिथून ते जास्त पाझरतं. गर्भजलात वाढतं आणि आईच्या रक्तातही वाढतं. १९७२ साली एडिंबरा इथे ब्रॉक आणि सटक्लिफ या दोघांनी दाखवून दिलं, की ज्या बाळांचा मणका किंवा डोक्याची कवटी उघडी राहिली होती, त्यांच्या भोवतीच्या गर्भजलात एएफपी फार वाढलेलं होतं. तिथून ही तपासणी सुरू झाली.

कधी करायची?

ही तपासणी १५ ते २० आठवड्यांच्या दरम्यान करतात. त्यातही १६ ते १८ आठवडे ही चांगली वेळ. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून.

तिसऱ्या महिन्यात, म्हणजे ११ ते १३ आठवड्यांत जी ‘डबल मार्कर’ तपासणी करतात, तिच्यात एएफपी नसतं. त्यामुळे ‘डबल मार्कर चांगली आली’ म्हणजे मणका तपासून झाला, असं समजू नका.

आणखी एक. ही तपासणी सक्तीची नाही. सरकारी दवाखान्यातल्या नेहमीच्या तपासण्यांत ती सगळीकडे नसते. १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान चांगल्या मशिनवर, जाणकार डॉक्टरांनी नीट सोनोग्राफी केली, तर मणक्याचे आणि कवटीचे बहुतेक दोष तिथेच दिसतात. त्यामुळे पैशांची अडचण असेल तर आधी डॉक्टरांना सरळ विचारा, “माझी सोनोग्राफी होणारच आहे, मग ही रक्ततपासणी माझ्यासाठी गरजेची आहे का?” हे विचारण्यात कमीपणा नाही. गटातून कर्ज काढून तपासणी करण्याआधी तरी हे विचाराच.

आकडा वाचायचा कसा?

एएफपीच्या आकड्यापुढे बहुतेक वेळा ‘एमओएम’ असं लिहिलेलं असतं. ते सोपं आहे. समजा १६ आठवडे झालेल्या शंभर बायकांना एएफपी कमी ते जास्त अशा रांगेत उभं केलं. रांगेच्या बरोबर मध्ये जी उभी असेल, तिचा आकडा म्हणजे १. तुमचा आकडा २ आला, म्हणजे मधल्या बाईच्या दुप्पट. अर्धा आला, म्हणजे तिच्या निम्मा. साधारण २ ते २.५ पटीच्या वर गेला की लॅब ‘जास्त’ म्हणते.

इथेच सगळ्यात मोठी गोम आहे. तुमची तुलना कुठल्या रांगेशी करायची, हे लॅब तुमच्या आठवड्यांवरून ठरवते. आठवडे चुकले की रांग चुकली. रांग चुकली की आकडा चुकला.

हिशोब करून बघू. या काळात आईच्या रक्तातलं एएफपी दर आठवड्याला साधारण १५ टक्क्यांनी वाढतं. आपल्याला चक्रवाढ माहीतच आहे. १०० चे झाले ११५, पुढच्या आठवड्यात १३२, मग १५२, मग १७५. म्हणजे चार आठवड्यांत जवळपास पावणेदोन पट! आता समजा एका ताईने पाळीची तारीख अंदाजाने सांगितली आणि कागदावर १६ आठवडे लागले. खरं तर बाळ २० आठवड्यांचं आहे. तिचं बाळ अगदी ठणठणीत असलं तरी रिपोर्टवर आकडा पावणेदोन पट दिसेल. त्यात ती अंगाने बारीक असेल आणि वजन लिहायचं राहिलं असेल, तर ‘हाय’ यायला वेळ लागत नाही. उलटं झालं, बाळ १६ आठवड्यांचं आणि कागदावर २०, तर आकडा विनाकारण कमी दिसेल आणि दुसरीच भीती उभी राहील.

म्हणून तारीख हा या तपासणीचा पाया आहे. आपल्या बाया तारीख सणावरून लक्षात ठेवतात. “नागपंचमीच्या चार दिवस आधी आले होते,” असं सांगतात. काही हरकत नाही. पण ते आशाताईंकडे बसून कॅलेंडर बघून इंग्रजी तारखेत लिहून घ्या. पाळी अनियमित असेल, अंगावर पाजत असताना दिवस राहिले असतील, तर तसं सांगा. पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी बाळाचं वय सगळ्यात नेमकं सांगते. तिचा कागद जपून ठेवा आणि लॅबमध्ये दाखवा.

लॅबच्या फॉर्मवर तुमचं वय, वजन, साखरेचा आजार आहे का, जुळं आहे का, हेही विचारतात. ते उगाच नसतं. बाई वजनदार असेल तर तेवढंच प्रथिन जास्त रक्तात पसरतं आणि आकडा कमी दिसतो. बारीक बाईचा जास्त दिसतो. म्हणून वजन त्याच दिवशी करून, खरं तेच लिहा.

‘जास्त’ आलं, म्हणजे काय काय असू शकतं?

पहिलं कारण आत्ताच बघितलं, तारीख चुकलेली असणं. दुसरं, जुळं असणं. दोन बाळं म्हणजे प्रथिनही साधारण दुप्पट. तिसरं, बाळाचा मणका किंवा कवटी उघडी राहिलेली असणं. चौथं, बाळाच्या पोटाची भिंत नीट न मिटल्यामुळे आतडी बाहेर राहिलेली असणं. कधी बाळ पोटातच दगावलेलं असतं, तेव्हाही आकडा वाढतो. आणि कधी वारेच्या कामात थोडी गडबड असते.

शंभर बायकांची तपासणी केली, तर साधारण दोन ते पाच जणींचा आकडा जास्त येतो. त्यातल्या बहुतेक जणींचं बाळ चांगलं निघतं. म्हणजे ‘जास्त’ हा इशारा आहे. रस्त्यावर ‘पुढे वळण आहे’ अशी पाटी असते ना, तसा. पाटी दिसली म्हणजे अपघात झाला असं नसतं, पण गाडी हळू करून पुढे बघायचं असतं.

दुसरी बाजूही सांगते. आकडा चांगला आला म्हणजे शंभर टक्के खात्री, असंही नाही. उघड्या मणक्याच्या पाच बाळांपैकी साधारण चार या तपासणीत पकडली जातात, एखादं निसटतं. आणि मणक्यात दोष आहे पण वरून कातडी आहे, तर प्रथिन पाझरतच नाही, मग ते या तपासणीत कळत नाही. म्हणून रक्ताचा रिपोर्ट चांगला आला तरी १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी टाळू नका.

‘कमी’ आलं तर?

१९८४ साली अमेरिकेत लक्षात आलं, की बाळाला डाउन सिंड्रोम असेल तर आईच्या रक्तातलं एएफपी सरासरीपेक्षा थोडं कमी असतं. पण नुसत्या तेवढ्यावरून काही सांगता येत नाही. म्हणून त्यासोबत आणखी दोन किंवा तीन घटक तपासतात आणि आईचं वय धरून हिशोब मांडतात. तीच ट्रिपल आणि क्वाड्रपल तपासणी.

तिचा निकाल ‘१:२५०’, ‘१:८००’ असा येतो. हा आकडा वाचायला शिका. १:२५० म्हणजे असा रिपोर्ट आलेल्या २५० बायका असतील, तर त्यातल्या एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल आणि २४९ जणींच्या बाळांना नसेल. पण कागदावर शब्द ‘पॉझिटिव्ह’ असतो! शब्द बघून घाबरण्याआधी आकडा बघा.

पक्कं सांगायचं तर पोटातून बारीक सुईने गर्भजल काढून तपासावं लागतं. ते सोनोग्राफीत बघत बघत करतात. त्यात गर्भपात होण्याचा थोडासा धोका असतो, म्हणून गरज असेल तरच करतात. करायचं की नाही हे बाईने सगळं समजून घेऊन ठरवायचं. डाउन सिंड्रोम असलेली मुलं शिकतात, घरात-बाहेर काम करतात, लळा लावतात. त्यांना जास्त वेळ, जास्त आधार आणि पुष्कळदा हृदयाचा इलाज लागतो. हे सगळं डॉक्टरांनी बाईला समजावून सांगायला हवं, आणि आपण ते विचारून घ्यायला हवं.

या निमित्ताने आणखी एक. एएफपीच्या आकड्यावरून मुलगा की मुलगी हे कळत नाही. कुणी तसं सांगत असेल तर ते खोटं आहे, आणि गर्भाचं लिंग विचारणं-सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

रिपोर्ट आल्यावर पुढची पावलं

आधी तारीख पुन्हा तपासा. कागदावरचे आठवडे, वजन, वय बरोबर आहे का बघा. चुकलं असेल तर लॅब त्याच रक्तावर हिशोब पुन्हा मांडून देऊ शकते.

मग सोनोग्राफी. जाणकार डॉक्टरांकडून मणका, डोकं, पोट नीट बघून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची तपासणी डॉक्टर फुकट करतात. रिपोर्ट घेऊन तिथे जा, पुढे कुठे पाठवायचं ते ते सांगतील. पण ९ तारीख लांब असेल तर तिची वाट बघू नका.

सोनोग्राफीत सगळं चांगलं दिसलं आणि तरी आकडा जास्तच असेल, तर पुढच्या महिन्यांत जास्त जपायचं. अशा बायकांत बाळाचं वजन कमी भरणं, लवकर कळा येणं, बीपी वाढणं याचं प्रमाण थोडं जास्त असतं. तपासण्या चुकवायच्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

दोष खरंच निघाला, तर तो कुठला आहे ते नीट विचारा. कवटी आणि मेंदू तयारच झाला नसेल तर ते बाळ जगू शकत नाही. मणका उघडा असेल तर मूल जगू शकतं. जन्मल्यावर ऑपरेशन करतात, पण पायात ताकद नसणं, लघवी-शौचावर ताबा नसणं, डोक्यात पाणी साठणं अशा अडचणी राहू शकतात. अशा मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी आणि उपचारांची सोय आहे. बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करायचं, हेही आधी कळल्यामुळे ठरवता येतं.

आणि बाईला गर्भ ठेवायचा नसेल, तर कायदा काय म्हणतो? २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत लागतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, बाळात गंभीर दोष असण्याचा मोठा धोका असेल तर २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे मेडिकल बोर्डाची परवानगी लागते. सज्ञान बाई असेल तर संमती फक्त तिची लागते. नवऱ्याची किंवा सासूची सही कायद्याने लागत नाही. म्हणूनच मी वर म्हटलं, वेळ थोडा असतो. १९ व्या आठवड्यात रक्त दिलं, दहा दिवस कागद कपाटात राहिला, मग गाडी नाही म्हणून आठवडा गेला, असं झालं की डॉक्टरांपुढेही रस्ते कमी उरतात.

दोष कुणाचा? कुणाचाच नाही

बाळात व्यंग निघालं की घरात पहिलं बोट सुनेकडे जातं. “ग्रहणात भाजी चिरली असेल.” “ओलांडू नये ते ओलांडलं असेल.” हे ऐकून घेतलेल्या कितीतरी बाया आपल्यात आहेत.

जरा दिवस मोजू या. बाळाचा मेंदू आणि मणका जिच्यापासून तयार होतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कितीतरी जणींना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. मग पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाने ती नळी उघडेल कशी? ती तर कधीच मिटलेली किंवा राहिलेली असते.

या दिवसांचा खरा धडा वेगळा आहे. फॉलिक अॅसिड अंगात असेल तर ही नळी नीट मिटायला मदत होते. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा मोठा अभ्यास आला. आधी असं बाळ झालेल्या बायकांना गर्भ राहण्याआधीपासून जास्त डोसचं फॉलिक अॅसिड दिलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. मेथी, पालक, चवळी, हरभरा यात फॉलिक असतं, ते खायचंच. पण तेवढ्याने पुरत नाही. गोळी लागते, आणि ती पाळी चुकायच्या आधीपासून लागते. ज्यांना मूल हवं आहे त्यांनी किमान एक महिना आधीपासून तिसरा महिना संपेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायला हवं. आधी असं बाळ झालं असेल, साखरेचा आजार असेल, किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील, तर मूल ठरवण्याआधीच डॉक्टरांना भेटा. डोस वेगळा असू शकतो आणि फिट्सची काही औषधं बदलावी लागतात. ती स्वतःहून मात्र बंद करू नका.

मग कॅन्सरचा संबंध काय?

१९६३ साली मॉस्कोमध्ये गॅरी अबेलेव्ह यांना लिव्हरची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात हे गर्भाचं प्रथिन सापडलं. पुढच्याच वर्षी यूरी तातारिनोव्ह यांना ते लिव्हरच्या कॅन्सरच्या माणसांमध्ये दिसलं. मोठ्या माणसात हे कुठून आलं?

असं समजा, जन्मानंतर यकृताने हे खातं बंद केलेलं असतं. पेशी कॅन्सरच्या झाल्या की त्या शिस्त सोडतात, आणि काही पेशी ते बंद खातं पुन्हा उघडतात. प्रथिन तेच, अर्थ वेगळा. पोटुशी बाईत ते बाळाकडून येतं, म्हणून असणारच. पुरुषात किंवा गरोदर नसलेल्या बाईत ते पुष्कळ वाढलं तर कारण शोधावं लागतं.

प्रामुख्याने तीन ठिकाणी ते कामाला येतं. एक, लिव्हरचा कॅन्सर, आणि लहान मुलांमधली लिव्हरची एक गाठ. दोन, तरुण मुलींच्या अंडाशयातल्या काही गाठी. तीन, तरुण मुलांच्या वृषणातल्या काही गाठी. शेवटच्या दोन गोष्टी लाजेपोटी लपवल्या जातात. मुलीचं पोट एका बाजूने वाढतंय, दुखतंय, किंवा मुलाला खाली न दुखणारी गाठ लागतेय, तर लगेच दाखवा. या गाठींवर आज चांगले उपचार आहेत. वेळेत गेलं तर बहुतेक मुलं-मुली बऱ्या होतात, आणि पुष्कळ मुलींना पुढे मूलही होऊ शकतं.

उपचार चालू असताना एएफपीचा खरा उपयोग होतो. सगळी गाठ निघाली असेल तर आकडा दर पाच ते सात दिवसांनी साधारण निम्मा होत उतरतो. उतरून पुन्हा चढला, तर डॉक्टर आधीच सावध होतात.

पण इथेही आकडा एकटा पुरत नाही. कावीळ, लिव्हरची सूज, लिव्हर खराब होऊन आक्रसणं, यातही एएफपी थोडं वाढतं, कॅन्सर नसताना. आणि लिव्हरचा कॅन्सर झालेल्या साधारण तिघांपैकी एकाचं एएफपी वाढलेलंच नसतं. म्हणून ज्यांना बी प्रकारची कावीळ कायमची आहे किंवा लिव्हर आक्रसलं आहे, त्यांची डॉक्टर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात आणि जोडीला एएफपी बघतात.

‘सगळ्या कॅन्सरची एकच रक्ततपासणी’ असं पॅकेज कुणी गावात विकायला आलं, तर हे आठवा. एएफपीने स्तनाचा कॅन्सर कळत नाही, गर्भाशयाच्या तोंडाचा कळत नाही, तोंडाचा कळत नाही. आपल्या बायकांत जास्त दिसणारे कॅन्सर हेच आहेत. त्यांची प्राथमिक तपासणी तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट करून मिळते. पैसे देऊन नको ती तपासणी करण्यापेक्षा फुकट मिळणारी हवी ती करा.

लिव्हर जपणं आपल्या हातात

बी प्रकारची कावीळ आईकडून बाळाला बाळंतपणात जाऊ शकते, आणि बाळपणी लागलेली पुष्कळदा आयुष्यभर राहते. म्हणून गरोदरपणात तिची तपासणी करून घ्या आणि जन्मल्यावर २४ तासांच्या आत बाळाला तिची लस टोचली का, हे विचारून कार्डावर बघा. ही लस एक कॅन्सर टाळते, हे फार थोड्या जणींना माहीत असतं.

दारूने लिव्हर कसं जातं हे आपल्याला कुणी सांगायला नको. गावात बाटली आडवी करण्यासाठी बाया मतदानाला उभ्या राहिल्या, ते काम घर वाचवण्याचं होतं तसंच लिव्हर वाचवण्याचंही होतं.

आणि शेंगदाण्याची चटणी, लाडू करणाऱ्या गटांसाठी खास: बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, त्याने लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. शेंगा नीट वाळवा, ओलाव्यात ठेवू नका. काळे, हिरवट, सुरकुतलेले, कडू दाणे निवडून फेका. ते स्वस्तातल्या मालात ढकलू नका, कोंबड्या-जनावरांनाही घालू नका.

गटाच्या बैठकीत एवढं करू या

• नवीन लग्न झालेल्या आणि मूल हवं असलेल्या सख्यांची फॉलिकची गोळी सुरू आहे का, हे विचारू या.

• प्रत्येकीने पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहायची सवय लावू या. मुलींनाही शिकवू या.

• पोटुशी सखी असेल तर तिचे १६ आणि १८ आठवडे कधी भरतात ते आशाताईंकडून काढून तिच्या घरी लिहून ठेवू या.

• रिपोर्ट ‘हाय’ आला, तर तिला एकटीला पाठवू नका. गटातली एक जण सोबत जावी. तिथे चार प्रश्न विचारावेत: आठवडे बरोबर धरलेत का? सोनोग्राफीत काय दिसलं? पुढची तपासणी कुठली, आणि कोणत्या तारखेच्या आत करायची? ती नाही केली तर काय होईल?

• त्या घरात जाऊन सासूबाईंना, नवऱ्याला समजावू या, की हे कुणाच्या चुकीने झालेलं नाही.

रिपोर्ट वाचून दाखवायला इंग्रजी येणारी मुलगी प्रत्येक गावात असते. पण त्या आकड्यापुढे न घाबरता, तारीख वाया न घालवता पुढचं पाऊल टाकायला सोबत लागते. ती सोबत गटात आहे, तिचा उपयोग करू या.